घरटी एक ओंजळ

भिला आबांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्याविषयी चांगलेच लिहावे असे गावात सगळ्यांना वाटते, आणि मलाही वाटते. पण बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात या माणसाने माझा जो जीव खाल्ला तो आठवला की लेखणी आपोआप वाकडी चालते. तेव्हा आधी तेच लिहून टाकते.

आमचे गाव तापीकाठी. कोरीटकडून गाडीवाटेने नदीकडे निघाले की आधी धर्मशाळा दिसते, मग गाव. प्रकाशा या तीर्थाला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी ती कुणीतरी बांधली. कुणी, हे मात्र विचारू नये. प्रत्येक घराकडे आपापला पूर्वज तयार असतो. खाली मोठी पडवी, वर माडी, सागाचे खांब आणि खांबांवर कोरलेले पोपट. शाळेची झोपडी जळाल्यापासून मुलामुलींची शाळाही तिथेच भरत असे, आणि माझी जमना त्या शाळेत पहिलीत होती.

भिला आबांना तिथे कुठलाही हुद्दा नव्हता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, शेत पुतण्याकडे. तरुणपणी त्यांनी एकदा धर्मशाळा झाडली आणि मग ती आयुष्यभर झाडतच राहिले. दिवा लावायचे, यात्रेकरूंना पाणी-सरपण द्यायचे, वटवाघळांना शिव्या द्यायचे. गावाने त्यांना काही दिले नाही, पण त्यांना न विचारता तिथे खिळा ठोकायची कुणाची छाती नव्हती.

एक दिवस जमना घरी आली ती केसांत पिवळा भुसा घेऊन.

“हे काय ग?”

“वरून पडतं. मास्तर म्हणतात, सरकून बसा.”

मी तशीच उठून गेले. मधली तुळई गाभण म्हशीच्या पोटासारखी खाली आली होती. तिला एक वाकडा टेकू दिला होता आणि त्या टेकूला पाठ लावून मुली पाढे म्हणत होत्या. वाळवीची माती खांबावरून थेट वर गेलेली. मी धुळ्याच्या वकिलाची मुलगी, पुण्यात राहून बी.ए. झालेली. गावात आल्यावर बोलण्याआधी दहादा विचार करायला शिकले होते. त्या दिवशी तो शिकलेला विचार सगळा गळून पडला. मास्तरांना म्हटले, शाळा पिंपळाखाली न्या. मास्तरांनी आबांकडे पाहिले.

“रिकामी वास्तू मरी जास, सूनबाई,” आबा म्हणाले. “माणसे निंघनात का घुबड शिरस.”

“आणि माणसे आत असताना डोक्यात तुळई शिरली तर?”

ते हसले. मला हसू आले नाही.

माझ्या यजमानांनी कचेरीत अर्ज केला. इमारत आमच्या दप्तरी नाही, असे उत्तर आले. मग नंदुरबारचे एक कापसाचे जिनवाले, रूपचंद शेठ, आपण होऊन पुढे आले. बैठक आमच्याच ओसरीवर बसली. मी दाराआड उभी होते.

“सगळा खर्च माझा,” शेठ म्हणाले. “एक संगमरवरी पाटी लावायची, वडिलांच्या नावाची. बाकी काही नको.”

ओसरीवर सुटकेचा श्वास ऐकू आला. माझाही त्यात होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आबा बोलले, “शेठ, तुम्हना बाप आठे कधी उतरना व्हता का?”

“नसतील उतरले. आम्हाला उतरायला घर आहे.”

“मंग तेस्नं नाव आठे काबर? आज पाटी लागी, सकाय कुलूप लागी.”

माणसे फिदीफिदी हसली. शेठ उठले, पागोटे सावरले आणि बग्गीत बसून गेले. आलेली लक्ष्मी अशी एका म्हाताऱ्याच्या जिभेने परत गेली, आणि पंच म्हणवणारी माणसे तंबाखू मळत बसली! मी दाराबाहेर आले. वडीलधाऱ्यांसमोर अशी मी प्रथमच येत होते.

“आबा, मुलींच्या डोक्यावर तुळई पडली तर पाटीवर त्यांची नावे घालायची का?”

आत माझ्या सासूबाईंच्या, धनुबाईंच्या, बांगड्या जोरात वाजल्या. मी तिकडे लक्ष दिले नाही.

“बठ, माय. सांगस,” आबा म्हणाले.

आबांच्या आधीच्या भावंडांपैकी एकही जगले नव्हते. ते जन्मले तेव्हा त्यांच्या आईने गावातल्या घराघरातून एकेक फडके मागून आणले आणि त्याचे झबले शिवून बाळाला घातले. म्हणून नावही भिला, भिकेवर वाढलेला. आमच्या भागात हे अजून करतात. मी ते ऐकून होते. असल्या गोष्टींना हसायचे आम्ही कॉलेजात शिकलो होतो.

“मन्हा आंगवर बठ्ठा गावनं फडकं व्हतं,” आबा म्हणाले. “मरन कोना दारे जाई? एकना देयेलवर जे जगस ते एकनंच ऱ्हास. धरमशाळा बठ्ठा गावनी शे. घरटी एक ओंजळ कपाशी मांगसू. पन एक बी घर सुटाले नको. एक घर सुटनं तं झबलाले भोक पडस.”

गावकऱ्यांना हे फार आवडले. पाटीची लाज टळली आणि ओंजळभर कापसाने कुणाचे काही बिघडत नव्हते. मला मात्र एवढेच दिसत होते की जमना उद्याही त्याच टेकूशी बसणार.

कापसाचे दिवस होते. आबा पोते घेऊन दारोदार फिरू लागले. पोरे मागे लागायची, “भिलाबाबानं झबलं, भिलाबाबानं झबलं!” ते भिल्ल वस्तीतही गेले. कुणीतरी नाक मुरडले तर म्हणाले, “तेस्नं घर गावमा नही का? मंग रातले तुम्हना खळाले राखन कोन करस?” खरे सांगायचे तर माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ कापूस जमला. तो विकून होळीच्या सुमारास अक्कलकुव्याच्या बाजाराहून सागाची नवी तुळई आली. दोन गाड्या जोडून आणावी लागली. वाजतगाजत उतरवली. सुतार आला. मी देवापुढे साखर ठेवली.

आणि आबांनी सुताराला परत पाठवले. का, तर दिलवरसिंगांची ओंजळ आली नव्हती.

दिलवरसिंग गावाच्या वरच्या अंगाला राहणारे मोठे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी धर्मशाळेत कडबा भरून ठेवला होता आणि यात्रेकरू बाहेर पावसात भिजत होते, तेव्हा तरुण भिलाने तो कडबा पेंढी पेंढी करून चिखलात फेकला. कडबा कुजला, दिलवरसिंगांचे वडीलही गेले, पण वैर ताजे राहिले. आता रोज सकाळी आबा त्यांच्या अंगणात जाऊन ओंजळ पुढे करीत. दिलवरसिंग बाजेवर बसून निंबाच्या काडीने दात घाशीत.

“काय रे भिला, आजून भीक मांगस?”

“मांगस ना, भाऊ.”

“आज नही.”

“मंग सकाय इसू.”

चैत्र गेला. रोज हेच. हे दोघे रोज सकाळच्या या भेटीला सोकावले आहेत, असा मला संशय येऊ लागला. इकडे नवी तुळई धर्मशाळेच्या अंगणात आडवी पडलेली. पोरे तिच्यावर घोडा घोडा खेळत. पुढे पुढे बायका तिच्यावर कुरडया वाळवू लागल्या. पडवीतली जुनी तुळई भुसा गाळत होती आणि नवी तुळई कुरडया सांभाळत होती, आणि याला गावकरी धर्मकार्य म्हणत होते.

मी जमनाला घरी बसवले. ती रडून रडून लाल झाली. हे म्हणाले, “आपली मुलगी जाते म्हणून बाकीच्या आया मुली पाठवतात. आपण थांबवली की शाळेत एक मुलगी उरणार नाही.” खरे होते. दोन दिवसांनी मी तिला पाठवले, आणि शाळा सुटेपर्यंत माझे मन कशातच लागत नसे. भाकरी करपायच्या. सासूबाई करपलेली भाकरी उचलून बघायच्या आणि परत ठेवायच्या.

एकदा आबांना वाटेतच गाठले. “तो दिलवरसिंग जन्मात देणार नाही. तुम्ही जन्मभर थांबणार?”

“थांबसू.”

“आणि पोरी?”

“तू मन्हावर काबर रागावस? दिलवरवर रागाव ना!”

घरी येऊन मी भांडी आपटली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भिला येडाच शे. त्यानी माय का माणसेसकडे गयती फडकं मांगाले?”

“म्हणजे?”

“फडकं बाई देस. मांगणारी मागला दारे जास, पदर पसरस. घरधनीले कोनी ईचारत नही. माणूस कथाइन दी? त्याले फडकं कोठे ठेयेल शे ते तरी माहीत ऱ्हास का?”

मी हातातले पातेले खाली ठेवले. म्हणजे हा माणूस इतके दिवस चुकीच्या दारात उभा होता!

“आई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“माले कोन ईचारं?” सासूबाई म्हणाल्या आणि सूप झटकले.

दुपारी आम्ही दोघी निघालो. तुले वाट सापडाव नही, असे म्हणून त्या पुढे झाल्या. दिलवरसिंगांच्या मागच्या पडवीत त्यांच्या पत्नी अनुसयाबाई वाती वळत बसल्या होत्या. मी पदर पसरला. पदवी घेताना पुढे केलेले हात आणि हे हात एकच होते, पण दुसऱ्यांदा ते फार जड झाले.

अनुसयाबाई गोंधळल्या. “तेस्नी नही म्हणेल शे, माय.”

“तेस्ले कोन ईचारी ऱ्हायनं?” सासूबाई म्हणाल्या. “तुन्हा सुपडामा काय शे ते सांग.”

अनुसयाबाईंनी ओसरीच्या दिशेने एकवार पाहिले. तिकडून घोरणे ऐकू येत होते. मग सुपातला वातींचा कापूस दोन्ही हातांनी उचलून माझ्या पदरात घातला. “हाई मन्ही शे. देवले चालस तं धरमशाळाले काबर नही चाली? मन्हा नातू बी तठेच बसस ना. मी बी रोज जीव मुठमा धरीसन बसस.”

इतके दिवस मला वाटत होते, मी एकटीच.

आबांनी तो कापूस बराच वेळ हातात धरला. “कोनी दिना?”

“दिलवरसिंगांच्या घराने. मागच्या दाराने.” मी भांडायच्या तयारीने उभी होते.

आबा ओट्यावर बसले. “मंग इतला दिन मी तठे काय करी ऱ्हायना व्हतू?”

“दिलवरनं दात घासनं दखी ऱ्हायना व्हता,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. सारा गाव हात लावायला जमला. दिलवरसिंगही आले, आणि पहिल्या दिवसापासून हे काम आपणच काढले आहे अशा थाटात “आसं नही, तसं धरा!” करू लागले. दोरखंडांनी जुनी तुळई खाली घेतली. सुताराने तिच्यावर वाकस मारला तो दांड्यापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतेच. नुसती साल आणि वाळवी. जमना बसायची त्या जागेवरचा तुकडा तर उचलतानाच हातात चुरला.

मी जमनाला ओढून जवळ घेतले.

“तरी पडनी नही, दखा,” आबा म्हणाले, पण आवाज बारीक होता.

“पडली नाही म्हणून तुम्ही खरे ठरत नाही, आबा,” मी सगळ्यांसमोर म्हटले. “पडली असती, तर ते झबले कुणाला घालायचे होते?”

या वेळी ते हसले नाहीत. भुशाची मूठ उचलून त्यांनी बोटांनी चाळली. मग मास्तरांकडे वळले. “पोरेस्ले पिंपयखाले लई जा. बठ्ठ्या तुळया ठोकीसन दखतस तवलोंग आठे कोनी बसाले नको.”

हेच मी कधीपासून म्हणत होते! मास्तरांनी तरट गुंडाळले, मुले-मुली पाट्या घेऊन उन्हात धावली. पडवीत सुतार आणि आबा दोघेच उरले. सुतार शिडीवरून एकेक तुळई ठोकू लागला आणि आबा प्रत्येकीच्या बरोबर खाली उभे राहून, मान वर करून, आवाज ऐकू लागले. भुसा त्यांच्या डोळ्यांत पडत होता.

“आबा, बाहेर या!” मी ओरडले. “ऐकायचे तर बाजूला उभे राहून ऐका!”

“तू पोरेस्ले दख, माय,” ते म्हणाले, आणि पुढच्या तुळईखाली जाऊन उभे राहिले.