लिंबाची कुंडी

जून महिना, दुपारचे अडीच, लखनौ. चारबाग स्टेशनवरून रिक्षाने निशातगंजला घरी पोचलो तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं... लू अशी वाहत होती की डोळे उघडे ठेवणं हेसुद्धा काम वाटत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि दहा वर्षांची मुक्ता, महिनाभराने नागपूरहून परत येत होतो. सुट्टीला नव्हतो गेलो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आता आई भावाकडे राहायला जाणार होती आणि त्यांचं भाड्याचं घर आवरून द्यायचं होतं.

परसातलं बाबांनी लावलेलं लिंबाचं झाड घरमालकाने आमच्या डोळ्यांदेखत तोडलं. त्याला तिथे खोली काढायची होती. माझ्या मनात एवढंच होतं की लखनौला आपली कुंडी आहे.

त्या कुंडीचं असं झालं. बाबा वरणभातावर लिंबू पिळताना बिया तळहातावर अडवायचे आणि जेवण झालं की परसात नेऊन टाकायचे. ते गेले तेव्हा परत येताना मी त्या झाडाची चार लिंबं आणली होती. तीन संपली, चौथ्याच्या बिया धुऊन मी पत्र्याच्या डब्यांत लावल्या, एका डब्यात एकच. तीन आठवडे काही नाही... आणि मग एका डब्यातून चक्क तीन कोंब वर आले!

मला वाटलं, बँकेतून दमून आल्यावर लावल्या, तीन पडल्या असतील. पण खालच्या मजल्यावरचे तिवारी मास्टरसाहब कॉलेजात बॉटनी शिकवायचे. त्यांनी माती हलक्या हाताने बाजूला करून दाखवलं, तिन्ही कोंब एकाच बीमधून निघालेले.

लिंबात असं होतं म्हणाले. बीमध्ये एक गर्भ परागकणांमुळे धरतो, त्यात दोन झाडांची सरमिसळ असते. बाकीचे आईच्याच पेशींमधून तयार होतात, म्हणजे हुबेहूब तेच झाड पुन्हा. बहुतेक जोमदार रोप आईसारखं निघतं, पण खात्री फळ धरल्यावरच.

सगळ्यात जोमदार रोप मी छतावरच्या मोठ्या कुंडीत लावलं. दुसरं आठवड्यात वाळलं. तिसरं, बारकंसं, मास्टरसाहबांच्या बायकोला, तिवारी भाभींना देऊन टाकलं, कारण त्या नेमक्या तिथे उभ्या होत्या. पुढे बँक, मुक्ताची शाळा, पहाटे उठून पाणी भरणं... त्या रोपाची आठवणही राहिली नाही.

नागपूरला निघताना घाईघाईत भाभींना सांगून गेले होते, "भाभी, रोज़ कुंडी देख लीजिएगा।" त्यांनी मान डोलावली होती.

तर त्या दुपारी बॅगा दारातच टाकून मी छतावर धावले. कुंडीत नुसती काडी उभी होती. माती कडेने सुटलेली, पानं गळून कुरकुरीत झालेली. नखाने साल खरवडून पाहिली, आत हिरवं काहीच नव्हतं.

खाली उतरले तर भाभी आमच्यासाठी गार पाणी घेऊन दारात उभ्या. आणि मी, सगळ्या महिन्याचा राग त्या बाईवर काढला. "एक ही काम बोला था भाभी! कुंडी देखने को बोला था ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "हाय, रोज़ तो देखी बहनजी! सुबह-शाम ऊपर आके, दो-दो बार हिलाके। एक दिन भी खुली नहीं मिली।"

खुली? कुंडी कशी खुली मिळेल? मुक्ता मात्र फिस्सकन हसली, "मम्मी! कुंडी मतलब दरवाज़े की कुंडी! पौधे वाले को गमला बोलते हैं!"

दाराची कडी... माझ्या कडीसाठी ती गुडघे धरून चालणारी बाई महिनाभर रोज दोनदा बावीस पायऱ्या चढून आली होती. सात वर्षं लखनौत काढूनही मी घाईत मराठीच बोलले होते, हिंदीचे कपडे घातलेली मराठी. मला इतकी लाज वाटली की तिथेच रडू फुटलं. नागपूरला आलं नव्हतं ते सगळं आलं... रडत रडतच त्यांना बाबांच्या झाडाचं सांगितलं.

भाभी हाताला धरून मला खाली त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. हँडपंपाच्या मागे, तेलाच्या जुन्या डब्यात, कमरेएवढं लिंबाचं झाड उभं होतं. हिरवंगार.

"रोज़ चावल का धोवन डाला है इसमें। ले जाइए, आपके मायके का है।"

मी नेलं नाही. माझ्या हातून काय होतं ते नुकतंच बघितलं होतं. तिथेच मोठ्या गमल्यात ते लावलं आणि चार वर्षं येता-जाता बघत राहिले, कारण ते बाबांचं की सरमिसळीचं, हे अजून कुठे ठरलं होतं...

आमच्या बदलीची ऑर्डर आली त्याच पावसाळ्यात पहिली दोन लिंबं पिकली. पातळ साल, खाली जरासं टोक, अगदी तशीच. भाभींच्या स्वयंपाकघरात बसून मी एक दाल-चावलवर पिळलं. हात आपोआप खाली गेला आणि बिया तळहातावर अडल्या.

भाभी, त्या दुपारचं माझं बोलणं तुम्ही पुन्हा कधी काढलं नाहीत. दोन्ही कुंड्या तुम्हीच सांभाळल्यात.