कडबाकुट्टीचं जुनं पान

मंडळी, उद्यमनगरात आमचा कडबाकुट्टी यंत्रांचा कारखाना आहे. आज चंदगडचे आमचे डीलर आले. हाताला बँडेज, दोन बोटं गेलेली.

"वहिनी, तुमच्या वेबसाईटवर बघूनच नव्या मशीनचं पातं बसीवलं की. माझं कुठं चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नवं मॉडेल आलं की आमच्यात वेबसाईटवाल्याकडून जुनंच पान कॉपी करून फोटो आणि नाव बदलून घेतात. नव्या मशीनच्या पानावर पातं बसवायची पद्धत जुन्या मॉडेलचीच राहिली.

पानं आपली आपल्याला बदलता येतील अशी चांगली सिस्टीम घेऊया म्हटलं, की आमचे हे म्हणायचे, "मॉडेलं वाढू देत, मग बघू."

पुण्याच्या वेबसाईटवाल्याला लगेच फोन लावला. म्हणाला, "सोमवारी बदलतो." आम्हाला ते पान काढताही येत नाही.

सोमवारपर्यंत ते अजून कोण कोण वाचणार?