सलीमभाईंच्या खुर्च्यांवरचं धरणं

भिवंडीतलं एक मरायला टेकलेलं हॉटेल मी नावारूपाला आणलं. खरं तर मला ते बंद पाडायचं होतं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पन्नाशी नुकतीच उलटलेली, गुडघे ऐकत होते आणि अक्कल यायची होती. (आता गुडघे ऐकत नाहीत. अकलेचं नातवंडांना विचारा.) आमच्या घरासमोर लूमचा कारखाना होता. दिवसरात्र खडखडाट! त्यात आम्ही वर्षानुवर्षं ढाराढूर झोपलो, पोरं वाढवली, नवराबायकोची भांडणं तर फुकट झाकली गेली. मग कारखाना बंद पडला, तिथे सलीमभाईंनी हॉटेल काढलं, आणि आत उकडतं म्हणून टेबलं गल्लीत मांडली. थेट माझ्या दारापाशी! दिवेलागण झाली की सुरू, "दो तंदुरी, एक रायता!" लूमच्या आवाजात घोरणारी मी, एका रायत्याने हैराण झाले.

पण खरा जीव अडकला होता वैशालीत. माझी धाकटी. सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला पुन्हा बसणार होती, आणि आमच्या ह्यांनी जाहीर केलं होतं, "ह्या खेपेला न्हाय झाली, तर वळ गावच्या गोदामवाल्याच्या पोराला हो सांगायचं." पोरगा वाईट नव्हता. पण पुस्तक बघितलं की त्याला जांभई यायची, आणि त्याला बघितलं की वैशालीला. तिची अभ्यासाची खिडकी नेमकी त्या टेबलांवर!

मी तावातावाने सलीमभाईंकडे गेले. माणूस भारी सभ्य.

"काकी, तुम्ही बोलाल तसं. पण टेबल आत घेतली तर गिऱ्हाईक येत न्हाय, बाहेर ठेवली तर तुम्ही येता. मी काय करू, सांगा."

मी सांगितलं नाही. मी आंदोलन पुकारलं!

बेत साधा होता. संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत गल्लीतल्या बायकांनी सगळ्या खुर्च्या अडवायच्या. काही मागवायचं नाही, उठायचं नाही.

"पन बसून करायचा काय?" शेजारच्या कुंदावहिनींनी विचारलं.

"घरचं काम न्यायचं."

त्याप्रमाणे कुणी भिजवलेले वाल सोलायला आणले, मी सुकट निवडायला घेतली. सुकट ही माझी खास चाल. वासाने गिऱ्हाईक पळेल! (खाडीकाठच्या गावात सुकटीच्या वासाने माणूस पळतो, हे खरं आहे. फक्त वासाच्या दिशेने.)

पहिल्या संध्याकाळी गोदामातले चार गडी आले, बायका बघून लाजले आणि माघारी वळले. जिंकलो! तेवढ्यात एक स्कूटर थांबली. मागे बायको, पुढे पोरगी.

"बघ, लेडीज बिनधास्त बाहेर बसल्यात," तो बायकोला म्हणाला. "फॅमिलीवालं हॉटेल हाय. उतर."

आमच्याकडे हॉटेल चांगलं की वाईट हे पाटीवरून ठरत नाही, तिथे बायका बसतात का यावरून ठरतं. आणि इथे तर अख्खं महिला मंडळ मांडी ठोकून बसलेलं! आठवडाभरात कोन, अंजूर अशा आसपासच्या गावांहून कुटुंबंच्या कुटुंबं यायला लागली. सलीमभाईंनी खुर्च्या वाढवल्या. खुर्च्या वाढल्या म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या बायका बोलावल्या. बायका वाढल्या म्हणून कुटुंबं वाढली. हे गणित काही मला सुटेना, आणि मी म्हणे होणाऱ्या सी.ए.ची आई!

एक बाई माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"हे आंदोलन आहे!" मी कडाडले.

"एक प्लेट द्या."

दुसऱ्या दिवसापासून कुंदावहिनी हॉटेलात सुकट आणि तांदळाची भाकरी पुरवू लागल्या.

"कुंदा, गद्दार!"

"गद्दार काय गो? तूच बोललीस ना, घरचं काम न्यायचं!"

कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे हे कबाब खाताना सापडले.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"तुझ्याच. धरण्याला बसलोय. उपाशी बसायचं असं कुठं ठरलेलं?"

आता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रडणारी पोरं, वाढदिवसाचे केक, आणि सगळ्यांवर कडी करत माझ्या घोषणा! अशातच माझी नजर वर गेली. वैशालीच्या खिडकीत अंधार. धावत वर गेले. पुस्तकं नाहीत. पोरगी नाही. आवाजाला कंटाळून तिने अभ्यास सोडला, आता वळचं गोदाम पक्कं! खाली येऊन मी हंबरडा फोडला, "वैशाऽऽली!"

"काकी, काकी," सलीमभाई धावत आले, "ती आत हाय."

आत म्हणजे हॉटेलच्या आत. माझ्या आंदोलनाच्या कमाईतून त्यांनी फॅमिली रूमला एसी बसवला होता आणि जाड काचेचं दार. पण बाहेर एवढी मजा असताना आत मरायला कोण जातंय? चिटपाखरू नव्हतं. मधोमध पुस्तकं पसरून, चहा घेत, वैशाली बसलेली.

"आई, दार लाव ना. बाहेरून फार आवाज येतो."

"कुणाचा?"

"तुझा."

मी दार लावलं. हळूच.

वैशाली पास झाली. वळच्या मंडळींना ह्यांनी स्वतः जाऊन नकार कळवला, आणि मी गल्लीभर पेढे वाटत फिरले, "माझ्या धरण्याने पोरगी पास झाली!" कुणी हसलं नाही. पेढे खाताना हसता येत नाही.

पुढे सलीमभाईंनी कल्याण रोडला दुसरं हॉटेल काढलं. उद्घाटनाला मला न्यायला गाडी पाठवली. मला वाटलं, फीत कापायची असेल. मी कात्री मागितली.

"फीत कापायला दुसरे हायत, काकी," ते हात जोडून म्हणाले. "तुम्ही फक्त बाहेर बसून विरोध करा."

आणि मी बसले हो! नवी साडी नेसून, चांगली रात्रीच्या जेवणापर्यंत.