वजीर बघ, बाय

"वजीर बघ, बाय." एवढं म्हणून शेजारच्या काकी पदराचं टोक दातांत धरायच्या आणि पट सोडून खिडकीबाहेर बघायच्या. समोरच्याच्या वजिरावर नेम धरला की मारण्याआधी सांगायचं, ही त्यांच्या माहेरची, जासईची रीत.

मला ती कुठली ठाऊक? मी तेव्हा पनवेलात नवी सून. कॉलेजात मिळालेला बुद्धिबळाचा कप सासूबाईंच्या काचेच्या कपाटात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडून ठेवलेला. गल्लीच्या गणेशोत्सवात स्पर्धा लागली आणि शेवटच्या फेरीत समोर आल्या काकी. मी पुस्तकातल्या सुरुवातीच्या चाली स्तोत्रासारख्या पाठ करून गेले होते. काकींनी राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं.

"काकी, पहिल्यांदा दोन घरं जाता येतं."

"ठावं हाय. पन एवढी घाई कशाला?"

माझं स्तोत्र तिथेच अडलं. चिडून मी वजीर बाहेर काढला आणि पटभर मिरवला. थोड्या वेळाने काकी म्हणाल्या, "वजीर बघ, बाय." मला वाटलं, बाई माझं लक्ष उडवतेय. मी ऐटीत घोडा हलवला. वजीर गेला, पाठोपाठ डाव गेला. चहा वाटणारे सासरेसुद्धा हसले.

त्यानंतर किती वर्षं, किती दुपारी आम्ही खेळलो, विचारू नका. कधीमधी मी जिंकायचेही, पण माझा वजीर त्यांनीच वाचवलेला असायचा. ते मला सलायचं. एकदा म्हटलं, "काकी, आज सांगू नका. मला माझ्या जिवावर जिंकायचंय."

त्यांनी सोंगट्या गोळा करायला घेतल्या. "न सांगता मारला तं चोरी झाली. चोरीचा डाव आमी नाय खेलत."

म्हणजे ते जिंकणं राहिलंच.

गेल्या शिमग्यानंतर काकी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. वजिराचंसुद्धा आधी सांगणारी बाई, जाताना एका शब्दाने बोलली नाही.

आता नातीने मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिलंय. समोर कोण असतं, देव जाणे. माझा वजीर मुकाट्याने मारतात. परवा मात्र त्यांचा वजीर माझ्या घोड्याच्या तावडीत सापडला. तोंडून निघून गेलं, "वजीर बघ, बाय."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "आई, कोणाला सांगताय?"

पडद्यावर माझी वेळ संपत चालली होती. मी पदर दातांत धरला आणि खिडकीबाहेर बघत बसले.