बिनसाखरेची कॉफी

आज पुरणात घालायला वेलदोडे कुटले आणि त्या वासानं हात थांबला. हर्सूलच्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, लेबनॉनहून शिकायला आलेला रामी राहायचा. एका सकाळी तो वेलदोड्याच्या कॉफीचे दोन कप घेऊन खाली आला आणि माझ्यासमोर बसला.

मी घोट घेतला. “लई कडू झाली रे! साखर विसरलास व्हय?” म्हणत मी दोन्ही कपांत साखर घातली.

“असू द्या, काकू,” म्हणाला आणि खालमानेनं प्याला.

आदल्या दिवशी तिकडं बॉम्ब पडून त्याची आई गेली होती, हे त्याच्या मित्राकडून मला आठवड्यानं कळलं. त्यांच्याकडं दुखवट्याला आलेल्यांना बिनसाखरेची कॉफी देतात. या परक्या गावात त्यानं दुखवट्याला एकट्या मलाच बसवलं होतं, आणि मी हसत हसत साखर ढवळत होते.