टिकारामला दिलेलं उत्तर

एम.ए.च्या आणि संशोधनाच्या मुलांना घडवणाऱ्या प्राध्यापकाचा सत्कार करायचा, असं बालाघाटच्या कॉलेजात त्या वर्षी ठरलं, आणि पहिला मान इतिहासाच्या प्रेमलाल कटरे सरांकडे आला. कोणाला नवल वाटलं नाही. सरांच्या हाताखाली काम करणं म्हणजे ढेकीखाली धान होणं, असं मुलंच म्हणत. कांडून निघालो पण तांदूळ झालो, असंही म्हणत. अर्धवट कामाला ‘होत आलं’ म्हणणं सरांच्या जिभेला कधी जमलं नाही.

“रविवारी तुम्हाला शाल तुमच्या पहिल्या विद्यार्थ्यानं घालायची असं ठरलंय, सर,” तरुण प्राध्यापक पुनाराम म्हणाला. “तुमचा पहिला विद्यार्थी कोण?”

जबलपूरला, सागरला चांगल्या जागी बसलेली दोन-तीन नावं सरांच्या तोंडाशी आली होती. पण ते म्हणाले, “साधना रहांगडाले. लामत्याला दिलीय तिला. आमंत्रण मीच देऊन येतो.”

छोट्या रेल्वेगाडीत खिडकीशी बसल्यावर त्यांना वाटलं, आपण आमंत्रण द्यायला निघालो आहोत की दुसऱ्याच कशाला?

साधनाचा विषय होता गावच्या बोड्या. धानाला पाणी पुरवणारी ती लहानलहान तळी, पहिलं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, सोडायचं याचे गावागावांचे अलिखित नियम. पोरगी उन्हातान्हात फिरली. म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या भांडणांतूनही नियम वेचून आणले. तिचा बाप टिकाराम लालबर्र्याकडचा शेतकरी. पोरीसाठी त्यानं बालाघाटात खोली घेतली होती, आणि भाऊबंदांचे टोमणे हसत ऐकले होते.

एक दिवस तो कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. “सर, लामत्याचे पावणे येऊन राह्यले पोरीले पाहाले. जागा चांगली हाय. पण तिचं काम होत आलं असंल तं मी त्याईले थांबवतो. किती राह्यलं?”

सरांच्या हातात तेव्हा साधनाच्याच प्रबंधाचं प्रकरण होतं, लाल पेन्सिलीनं भरलेलं. ते वैतागले होते. मान वर न करता म्हणाले, “अजून अर्धंही झालं नाही.”

ते खोटं नव्हतं. पण अवघड भाग संपला होता, उरलं होतं ते नुसतं लिहिणं, हेही सरांना ठाऊक होतं. तेवढं त्यांनी सांगितलं नाही. टिकारामनं ‘बरं’ म्हणून मान हलवली. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि साधनानं बापाशी बोलणं टाकलं.

पुढे वारासिवनीच्या बाजारात टिकाराम भेटला, तेव्हा सरांनी विषय काढायचा प्रयत्न केला होता. त्यानंच हात जोडले. “पोरीले सांगू नोका, सर. तिचा तुमच्यावर लय भरवसा. माह्यावर राग धरते तं धरू द्या. बाप हाव मी, मले पचते.”

सरांनी ते ऐकलं. ऐकायला सोपं होतं.

लामत्याच्या अंगणात साधनाची सासू मैनाबाई सूप पाखडत होती. “अवो साधना, तुये गुरुजी आले! लगनाले आले नाही, आता वाट सापडली वाटते!”

साधना पिठाच्या हातांनीच बाहेर आली. आमंत्रण ऐकून तिचा चेहरा उजळला, मग कोमेजला. “माह्यं तं पुरं झालं नाही, सर. तरी पहिली मी?”

“तूच.”

“मंग येतो. फक्त बाबाले बलावलं असंल तं सांगा. मी दुसऱ्या टोकाले बसीन. त्याईनं माह्यं काम तोडलं. तुमीच एकटे माह्या बाजूनं होते.”

समोर चहा होता. तो पिऊन उठलं असतं तर दुपारची गाडी मिळाली असती, आणि रविवारी शालही. सरांनी कप खाली ठेवला.

“तुझ्या वडलांनी मला विचारलं होतं, साधना. काम होत आलं असेल तर पाहुण्यांना थांबवणार होते. मी म्हटलं, अर्धंही झालं नाही. अवघड भाग संपलाय, हे सांगितलं नाही.”

मैनाबाईचं सूप थांबलं.

“बाबानं मले काहून नाही सांगतलं?”

“तुझा माझ्यावरचा भरवसा मोडू नये म्हणून. मलाही म्हणाले, पोरीला सांगू नका.”

“अन् तुमी त्याईचं ऐकलं.”

“हौ.”

“इतके वर्षं?”

“मला सोयीचं होतं,” सर म्हणाले.

साधना आत गेली. हात धुऊन, लुगडं बदलून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “मामी, मी लालबर्र्याले जाऊन येतो,” ती सासूला म्हणाली.

“जाय माय,” मैनाबाई म्हणाली. सरांकडे तिनं पाहिलं नाही.

गाडीत साधना समोरच्या बाकावर बसली. बालाघाटला उतरल्यावर सर अवघडून म्हणाले, “रविवारी दुसऱ्या कोणाला तरी सांगतो मी. तू नको येऊ.”

“शालीचं मंग पाहू,” ती म्हणाली. “आधी बसस्टँडवर चला. मले जे सांगतलं ते बाबासमोर सांगा. माह्या तोंडून आयकलं तं ते तुमालेच सांभाळून घेतीन.”

लालबर्र्यावरून सिवनीकडे जाणारी बस भरलेली होती. कोणीतरी ‘बैठिए मास्साब’ म्हणत जागा दिली. साधना पुढे उभीच राहिली. सर टिकारामला काय म्हणायचं ते मनात जुळवू लागले. वाक्यं सुचत होती, नेटकी, पारखून घेतलेली. एकेक खोडत गेले. लालबर्र्याची पहिली राइस मिल दिसली तेव्हा त्यांच्याकडे एकही उरलं नव्हतं, आणि साधना दाराकडे सरकली होती.