पेडणेकर काकांची डमी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याशी मी सासूपासून वजनापर्यंत सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. आणि आता सांगतेय, तर आधीच बजावते — मला रडू वगैरे येत नाहीये. डोकं फिरलंय माझं. माझ्यावरच फिरलंय.

मी डोंबिवलीत राहते, फोल्डर डिझाइन करते. म्हणजे कंपनीचा माणूस तुमच्यापुढे ठेवतो ना — आत खिसा, खिशात कोटेशन आणि माहितीपत्रकं, व्हिजिटिंग कार्ड अडकवायला चिरा — ते. लोक म्हणतात, त्यात काय एवढं, पुठ्ठा तर दुमडायचा! मलाही तेव्हा असंच वाटत असणार. नाहीतर एवढा माज आला कुठून?

नऊ वर्षांपूर्वी मी खोपटला एका प्रेसमध्ये होते. तिथे पंचिंगच्या मशीनवर पेडणेकर काका होते. छापलेला पुठ्ठा फोल्डरच्या आकारात कापायचा, घडीच्या रेघा दाबायच्या, हे त्यांचं काम. प्रेसची एक पद्धत होती. छपाईआधी काका त्याच जाडीच्या कोऱ्या पुठ्ठ्याची डमी हाताने कापून, चिकटवून डिझाइनरला द्यायचे. डिझाइनरने ती बघून हो म्हटलं की मगच माल मशीनवर.

काम आलं लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीचं. बाळकुमच्या मोठ्या सोसायटीच्या सगळ्या लिफ्ट बदलायच्या होत्या आणि कमिटीपुढे ठेवायला यांना फोल्डर हवं होतं. मी पुढून मागे सलग जाणारा फोटो टाकला. आता फोल्डरच्या घडीला दोन रेघा देतात, मधे बारीकशी पट्टी सोडतात — कागद भरले तरी ते सपाट मिटावं म्हणून. ती पट्टी माझ्या फोटोच्या मधोमध येत होती. मग काय, पट्टीच काढून टाकली मी. एकच रेघ! स्क्रीनवर काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू.

काकांनी डमी आणून दिली. आतल्या खिशावर पेन्सिलीने लिहिलेलं — ‘कागद भरून बघितले. मिटत नाही. मधे पट्टी हवी.’ मी वाचलं. नीट वाचलं, हं. आणि मनात म्हटलं, आता हे मला डिझाइन शिकवणार? डमी पिशवीत कोंबली आणि काकांना सांगितलं, बघितली, चालेल. एक कागद भरून बघायला काय धाड भरली होती मला?

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. कमिटीच्या टेबलावर भरलेली फोल्डरं मांडली आणि एकेक करून सगळी आ वासून उघडली. आतले लिफ्टचे नकाशे घसरून खाली. सेक्रेटरी हसले म्हणे. ज्यांना स्वतःचं फोल्डर मिटवता येत नाही ते लिफ्टचे दरवाजे काय मिटवणार — असं तोंडावर म्हणाले. काम गेलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कंपनीच्या मालकाने तो गठ्ठा आमच्या शेठच्या टेबलावर आपटला.

शेठनी काकांना बोलावलं. काका म्हणाले, “मी डमी दिलेली हिला. लिहिलेलं पण वर.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. पिशवी माझ्या खांद्याला होती. डमी तिच्यात होती — अजून काढलीसुद्धा नव्हती मी.

“कसली डमी? मला नाही मिळाली.”

एवढंच. मला वाटलं, काका आता चिडतील, आवाज चढवतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. आणि म्हणाले, “असेल. माझ्याकडून राहिली असेल.”

का? का म्हणालात असं, काका? पिशवी उघड म्हणायचं होतं! आई-बहीण काढायची होती! त्या ‘असेल’चा मला आजही संताप येतो. बघा ना, त्यातही मी राग त्यांच्यावरच काढतेय. निर्लज्जपणाला काही सीमा?

एकोणीस वर्षं त्या मशीनवर होते ते. शेठनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ‘डमी न देता माल कापतो’ हे त्या गल्लीत चार दिवसांत सगळ्यांना कळलं, आणि मग एकाही प्रेसने त्यांना मशीनला हात लावू दिला नाही. ते गावी गेले. मी राहिले, दोन वर्षं तिथेच, त्याच खुर्चीत.

मी नवीन होते, घाबरले होते, लग्न ठरलं होतं — असली कारणं मी स्वतःला शंभरदा ऐकवलीत. सगळी खरी आहेत. म्हणून काय झालं?

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते, डमी कागद भरून बघायची, रिकामी नाही. परवा एकीने विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, अनुभवाने. पुन्हा तेच केलं मी! पुन्हा त्या माणसाला पुसून टाकलं.

घरी येऊन कपाटातून ती डमी काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्यात कागद भरले. मिटत नाही.

पेडणेकर काकांनी मला डमी दिली होती. मी ती घेतली होती.